पाहिलेलंच पुन्हा पाहताना जे लिहितो, त्याला काय म्हणायचं?

गेले तीन आठवडे 'फ्रेंड्स' ही अमेरिकन विनोदी मालिका पुन्हा बघतेय आणि बघता बघता इथे लिहितेय. एखादा प्रसंग आला की दोन ओळी, कधी नुसताच एक शब्द. काल घरातून विचारणा झाली, "हे काय लावलंयस परत?" मी म्हटलं, "रिवॉच करतेय, रिॲक्शन टाकतेय." या वाक्यात मराठी काय, तर 'करतेय' आणि 'टाकतेय'. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. रिवॉचला शब्द आहे का? आणि रिॲक्शनला 'प्रतिक्रिया' सोडून काही? 'प्रतिक्रिया' म्हटलं की मला कुणाच्या तरी तोंडासमोर धरलेला माइक दिसतो. तुम्हीच खाली सुचवा.

*

पारायण! पुस्तकांची करतो तशी मालिकांची. पार + अयन, म्हणजे टोकापर्यंत जाणं. पण मग अट आली: पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, मधलं काही न गाळता. 'फ्रेंड्स'चे १० सिझन, २३६ भाग. एक भाग २२ मिनिटांचा धरला तरी साधारण ८६ तास होतात. तेवढं बसला असाल तरच पारायण म्हणा. आवडता भाग काढून मधलीच दहा मिनिटं बघणाऱ्यांनी हा शब्द वापरू नये.

*

मग आम्ही दहा मिनिटंवाल्यांनी काय म्हणायचं? उजळणी?

*

उजळणी पाढ्यांची. ती विसरू नये म्हणून करतात. इथे विसरलेलं काहीच नाही, पुढचं वाक्य पात्राच्या आधी आपणच म्हणतो. त्यापेक्षा रवंथ बरा. आधी घाईने गिळलेलं नंतर निवांत बसून चघळायचं. ('पुनर्दर्शन' कुणी सुचवू नका, हात जोडावेसे वाटतात.)

*

रवंथ अर्थाला चोख आहे, पण "मी रवंथ करतेय" असं चारचौघांत लिहायची हिंमत नाही. रिॲक्शनचं काय?

*

रिॲक्शन मराठीत तीन वाटांनी गेली आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात ती प्रतिक्रिया, रसायनशास्त्रात अभिक्रिया. बोलण्यात मात्र रिॲक्शन 'येते', तीही गोळीची, अंगावर पुरळ उठवत! त्यामुळे "मला या भागाची रिॲक्शन आली" हे म्हणून बघाच.

माझं मत 'दाद'ला. मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि 'दाद ना फिर्याद' म्हणतो. गाण्याला दाद देतो तीही एका परीने न्यायच, कलावंताच्या पदरात त्याचं माप टाकणं. शिवाय 'दुखणं औषधाला दाद देत नाही' यात तर सरळसरळ प्रतिसाद हाच अर्थ आहे. गोळीची रिॲक्शन येते आणि दुखणं गोळीला दाद देतं. दोन्हीकडे गोळी तीच, पण कोण काय करतं ते बघा.

आणि पुन्हा बघण्याला दादच शोभते. प्रतिक्रिया अनपेक्षित गोष्टीवर येते. इथे विनोद कुठे फुटणार हे आधीच ठाऊक असतं. तीनतालाची सोळा मात्रांची आवर्तनं चालू असतात, सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला पक्कं माहीत असतं, तरी गायक समेवर आला की मान हलते. माहीत असूनही नव्हे, माहीत असतं म्हणूनच हलते. त्या अर्थाने रिवॉचला 'आवर्तन'ही चालेल, पण कालव्याच्या पाण्याचंही आवर्तनच असतं, तेव्हा जपून.

*

सम पटली. पण दाद म्हणजे कौतुक, आणि मी निम्मं कुरकुरतेच. "हा माणूस इतका आप्पलपोटा होता हे पहिल्यांदा कसं दिसलं नाही?" ही कसली दाद?

*

तो शेरा. क्रियापद बघितलं की उलगडतं: दाद देतात, शेरा मारतात, पोस्ट टाकतात. 'देणे'मध्ये समोर कुणीतरी घेणारा हवा. 'मारणे' आणि 'टाकणे' यांना त्याची गरज नाही, मारून किंवा टाकून मोकळं व्हायचं.

*

एक भर घालतो. 'हशा' हा शब्द एकट्याचा नाही. एकट्याला येतं ते हसू. हशा पिकायला माणसं लागतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने आधी मुद्रित केलेली हसणी कार्यक्रमात मिसळण्याचं यंत्र बनवलं, ते या अर्थाने हशाचं यंत्र: घरी एकटा बसलेला प्रेक्षक, आणि भोवती न दिसणारी गर्दी. आता तीच गर्दी लिहून मिळते. तुम्ही रात्री दोन ओळी टाकता, सकाळी खाली चार 'हहपुवा' आलेले असतात. हसून हसून पुरेवाट एका जागी, एका वेळी झालेली नाही, तरी मी त्याला हशा म्हणेन. उशिरा पिकलेला.

*

हहपुवा लिहिणारे त्या वेळी बहुतेक ढिम्म चेहऱ्याने बसलेले असतात, हे अनुभवाने सांगतो. बाकी चालू द्या. मला फक्त एवढंच सांगा: तो सिटकॉम की ती सिटकॉम?

*

मालिका डोक्यात असेल तर ती, कार्यक्रम असेल तर तो. मी दोन्ही म्हणते, कधी एकाच वाक्यात.

*

सगळे इतके खोल शिरलात, आणि पहिल्या परिच्छेदातला शब्द कुणी उचललाच नाही. घरच्यांनी काय विचारलं? "हे काय लावलंयस परत?" रिवॉचला बोलीत शब्द आहे तो हाच: परत लावणं. गाणं लावतो, मालिका लावतो. आणि 'काय लावलंयस' म्हणजे 'काय पिरपिर चालवलीयस' हाही अर्थ त्यातच. बघणं आणि त्यावर सतत लिहीत राहणं, दोन्हींचा समाचार एका क्रियापदात घेतला होता त्यांनी.

*

अरे देवा. त्यांना दाखवते हे.

*

दाखवू नका. दाद मागतील.