मदत हवी आहे: सिद्दी बायकांच्या गोधड्या प्रत्यक्ष कुठे बघता येतील?

मी पुण्यात हाताने गोधड्या शिवते, मशीन वापरत नाही. आपल्याकडे थर पसरून, कच्चे टाके घालून मग धावदोरा घालतात. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा समाज) बायकांची गोधडी, ‘कवंदी’, मात्र कडेपासून सुरू होते: जुन्या साडीवर एकेक तुकडा दुमडून बसवत, चौफेर टाके घालत मध्यापर्यंत. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ असतात. फार देखणं काम आहे ते!

फोटो बघून लहान नमुना करून पाहिला. मध्याकडे येताना खालची साडी फुगते. टाचण्या लावल्या, टाके जवळ घेतले, सुती दोराच वापरला, तरी फरक नाही. रविवार पेठेत कापड हवं तेवढं मिळतं, पण अशी गोधडी बघायला मिळाली नाही.

डिसेंबरात बेळगावला जाणार आहे, तिथून त्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ किंवा यल्लापूरला एक दिवस काढता येईल. कन्नड येत नाही, मराठी-कोकणीवर भागवावं लागेल. गोधडी विकतही घ्यायची आहे, योग्य दाम देऊन, त्यामुळे मधला दलाल नको.

तिकडे शिवणाऱ्या बायकांना भेटायला आधी कोणाला विचारावं? आणि तळाची साडी शिवताना ताणून धरायची की सैल सोडायची?