उपासनेच्या वेळी मुलांना बाहेर काढून संडे स्कूल घ्यावी का? मतं सांगा

नगरकर_पुण्यात
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पास्टरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे, प्रस्ताव आलाय की संडे स्कूल, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, उपासनेच्या आधी न घेता उपासनेच्याच वेळी मागच्या हॉलमध्ये घ्यायची, म्हणजे पहिलं गीत झालं की मुलं बाहेर आणि आशीर्वाद झाल्यावरच परत आईबापांकडे. कारणं दोन दिली जातायत, सकाळी आठला कोणी मुलं आणून सोडत नाही, आणि उपदेशात गडबड होते.

माझा ठाम विरोध आहे. चार वर्षांचं पोर मागच्या हॉलमध्ये गेलं की ते थेट दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, स्वतः विश्वास जाहीर करायचा विधी) वयाला आत येणार. तोवर त्याने पापांगीकार (पापं कबूल करायची प्रार्थना) कधी म्हटलेला नाही, प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) आजी गुडघे टेकते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो ते पाहिलेलं नाही, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन त्याच्या तोंडात नाही. आणि मग आपणच म्हणतो तरुण टिकत नाहीत. अहो ते कधी आत होतेच कुठे? आमच्या पिढीला भजनं कोणी शिकवली नाहीत, नगरला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, हातात टाळ मिळाला, अर्थ पुढे कधीतरी कळला.

आणि संडे स्कूल म्हणजे उपासनेला पर्याय हे मुळात नव्हतंच. १७८०च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनी ती चालवली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, सुट्टी फक्त रविवारची म्हणून रविवारी शाळा. तिथे त्यांना वाचायला शिकवायचे आणि त्याच मुलांना चर्चमध्येही न्यायचे.

संडेस्कूलवाली_ताई
दादा, तुमचं मन कळतं पण मी पूर्ण उलट मताची आहे. आत बसलेली मुलं उपासनेत असतात हे तुम्हाला वाटतं, मला शेवटच्या बाकावरून दिसतं ना, आईच्या हातातला मोबाईल आवाज बंद करून पोराच्या मांडीवर आणि पोरगं खाली मान घालून गेम खेळतंय. पाऊण तास बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचा उपदेश, सहा वर्षांच्या लेकराने त्याचं काय करायचं?

लूक २ मध्ये बारा वर्षांचा येशू मंदिरात काय करत होता, गुरुजनांत बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आपल्या उपासनेत मुलाने प्रश्न कुठे विचारायचा सांगा. माझ्या वर्गात वादळ शांत केल्याची गोष्ट चालली होती, जुना फ्लॅनेल बोर्ड (चित्रं चिकटवायचा कापडी फळा) लावून, होडी चिकटवली, लाटा चिकटवल्या, तर एका मुलाने विचारलं की येशू झोपला होता तर त्याच्या अंगावर पाणी उडालं नाही का. सगळी हसली. मग तोच हळूच म्हणाला, पप्पा रात्री भांडतात तेव्हा पण तो झोपलेला असतो का. हा प्रश्न त्याने सगळ्या मंडळीसमोर विचारला असता का? आठ मुलांच्या गोलात विचारला, म्हणून मला त्याच्या आईशी बोलता आलं. मला बालसेवा म्हणतात ती हीच वाटते.

आणि आठ वाजताचं म्हणाल तर हडपसर-पिंपरीहून दोन मुलं घेऊन बसने येऊन बघा एकदा.

वसईची_माय
आमच्याकडे कॅथलिकांत मधला मार्ग आहे. रोमहून १९७३ला मुलांच्या मिस्साविषयी (आमच्या उपासनेविषयी) मार्गदर्शिका निघाली, त्यात म्हटलंय की कधीकधी शास्त्रवाचनाचा भाग मुलांसाठी जवळच्या वेगळ्या खोलीत त्यांना समजेल असा घ्यायला हरकत नाही, पण पुढच्या ख्रिस्तप्रसादाच्या (तुमचं प्रभुभोजन) विधीआधी त्यांना परत मोठ्यांत आणायचं. म्हणजे हे की ते असं नाहीच आहे, कुठल्या भागाला बाहेर हे ठरवा.

आमची अडचण वेगळी आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग चांगले चालतात पण घरच्यांच्या डोक्यात ते परीक्षेच्या क्लाससारखे बसलेत, प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला, पांढरा ड्रेस, फोटो, जेवण, की पोरं गायब.

एक_बाप
तुम्ही सगळे हॉल आणि वेळ यावरच भांडताय. बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाचा ६वा अध्याय वाचा, देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायचं काम घरातल्यांना सांगितलंय, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता. रविवारच्या एका तासात कोणती ताई हे करणार? संध्याकाळची कुटुंब-प्रार्थना बंद पडली आणि आपण ते काम बारावीतल्या मुलीच्या हातात झेरॉक्सची रंगवायची चित्रं देऊन ढकललं. मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) दणक्यात होतं, ॲक्शन साँग होतात, नाताळात मुलं गव्हाणीसमोर मेंढपाळ होतात, मग पुन्हा शुकशुकाट.

संडेस्कूलवाली_ताई
@एक_बाप ज्या घरात प्रार्थना होतच नाही तिथल्या मुलाने काय करायचं? माझ्या वर्गातली निम्मी मुलं तशी आहेत. त्यांना आईबापांवर सोडू?

कायद्याने_बोला
कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. सगळे मोठे आत उपासनेत आणि मागच्या हॉलमध्ये मुलं एका शिक्षकाबरोबर दार लावून, ही रचनाच मला मान्य नाही. "सगळे आपलेच आहेत" याला काही अर्थ नाही, मुलांच्या लैंगिक छळाचे प्रकार बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून होतात. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं, टॉयलेटला कोण नेणार ते ठरलेलं, कोणी मूल सोडलं कोणी नेलं याची वही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, मंडळीची अब्रू वगैरे कारणं चालत नाहीत. चाईल्डलाईनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा, १०९८ हा फोन नंबर हॉलच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढा मोठा लिहा. हे होणार नसेल तर मुलं आतच बरी.

दादरची
भाषेचं पण बघा. मुलं इंग्लिश मीडियमची, वेगळा वर्ग केला की तो आपोआप इंग्लिशमध्ये जातो, यूट्यूबवरची गाणी लागतात, आणि मराठी उपासना त्यांना परकी होते. "फुलामुलांचे कवी" म्हणून ज्यांना अख्खा महाराष्ट्र ओळखतो त्या रेव्हरंड टिळकांच्या मंडळ्यांतली मुलं आपण. निदान "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तरी मराठीत पाठ हवं. आम्ही दर रविवारी एका मुलाला शास्त्रवाचन देतो, आदल्या आठवड्यात मोठ्या अक्षरात लिहून, अडखळला तरी कोणी मध्ये बोलायचं नाही. ते मूल तो रविवार चुकवत नाही.

एक_बाप
@दादरची पोराला देव कळू दे आधी, इंग्लिशमध्ये कळला तरी कळला.

नगरकर_पुण्यात
सगळं वाचलं. मोबाईलवालं खरं आहे, पण त्याचा दोष मुलांना आत बसवण्याचा नाही, पोराच्या हातात मोबाईल देणाऱ्यांचा आहे. वसईच्या ताईंचं पटतंय मला. कमिटीत मी असं मांडणार, पापांगीकार, भजनं आणि वाचन होईपर्यंत मुलं आत, फक्त उपदेशाला बाहेर, दानाच्या गीताला परत आत, आणि प्रभुभोजन संपेपर्यंत घरच्यांजवळ. बाहेर दोन मोठे आणि वही हे त्यातच लिहिणार. याहून जास्त वेळ बाहेर काढायला माझा विरोध कायम.

संडेस्कूलवाली_ताई
चालेल, पण तीन गोष्टी लिहून घ्या त्यात. पाळकसाहेबांनी उपदेशाचा शास्त्रभाग मला बुधवारपर्यंत द्यायचा म्हणजे आत-बाहेर एकच गोष्ट होईल आणि घरी जाताना आईबापांना पोराशी बोलायला काहीतरी असेल. दुसरं माणूस दर आठवड्याला मी शोधत बसणार नाही, कमिटीने यादी लावायची आणि त्यात पुरुषांची नावं पण हवीत. आणि खडू, कागद, नवा फ्लॅनेल यासाठी पैसे बजेटात दाखवा, आजवर ते आम्ही बायकाच पर्समधून घालतोय.