मदत हवी आहे: जुन्या कॅम्पर व्हॅनचे गंजलेले ब्रेक पाईप बदलायचे आहेत

लांबपल्ला:
जुन्या कॅम्पर व्हॅनचे ब्रेक पाईप बदलायला घेतोय. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. मागच्या अ‍ॅक्सलवरून आडव्या जाणाऱ्या पाईपवर गंजाच्या खपल्या धरल्या आहेत, वायर ब्रश फिरवला की खाली खड्डे दिसतात. पुढून मागे येणारा लांब पाईप चासीच्या आतल्या अंगाने येतो आणि डिझेलच्या टाकीवर दिसेनासा होतो. गळती अजून नाही, पेडल टणक आहे. पाईपचा बाहेरचा व्यास ४.७५ मिमी, नटला ११ चा पाना बसतो, म्हणजे आटे एम १० चे (१० मिमी व्यासाचे) असावेत.

विचारायचं ते असं: खराब दिसतो तेवढाच तुकडा बदलून चालेल का? पाईप कोणत्या धातूचा घ्यावा? टाकी न उतरवता नवा पाईप खालून नेला तर? आणि ब्रेक ऑइल किती लागेल?

अ‍ॅक्सलखाली:
आधी एक विनंती. काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. पेडल टणक आहे म्हणजे पाईप चांगला आहे असं नसतं. खड्डा पडलेला पाईप रोजच्या हलक्या ब्रेकला टिकतो आणि ज्या दिवशी पाय जोरात पडतो, नेमका त्याच दिवशी फुटतो, कारण दाब तेव्हाच सर्वांत जास्त असतो. ब्रेक ऑइलची दोन वेगळी सर्किटं असली तरी एक गेल्यावर थांबायला लागणारं अंतर फार वाढतं, आणि कॅम्पर कायम भरलेलीच असते.

तुकड्याबद्दल: अ‍ॅक्सलवरचा पाईप या अवस्थेत असेल तर टाकीवरचा त्याहून वाईट धरून चाला. तिथे चिखल साठतो, वाळत नाही आणि कोणाच्या नजरेला पडत नाही. क्लिपांच्या खाली तर गंज हमखास खातो. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) मागच्या चाकांपर्यंत सगळं बदला. पुढच्या चाकांचे पाईप छोटे असतात, तेही सोबत उरका. रबरी होज जुने असतील तर तेही आत्ताच बदला. ते बाहेरून धड दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं.

कानस:
धातू: तांबं-निकेल घ्या, निकेल साधारण १० टक्के असलेलं. गंजत नाही, हाताने वळतं, फ्लेअर (नटात घट्ट बसावं म्हणून पसरवलेलं पाईपचं तोंड) स्वच्छ येतो. निव्वळ तांबं त्याहून मऊ असतं, पण कंपनाने कडक होत जातं आणि क्लिप सुटलेल्या जागी तडकतं. काही ठिकाणी वाहन तपासणीत ते चालतही नाही. स्टील मजबूत असतं, पण घरच्या हत्यारांनी त्याचा फ्लेअर करणं जिकिरीचं, आणि वरचा लेप खरवडला गेला की पुन्हा गंज आहेच.

लांबी सुतळीने मोजा. जुन्या पाईपच्या प्रत्येक वळणातून सुतळी न्या आणि दर तुकड्याला १० सेंमी जास्त धरा. गुंडाळी सहसा ७.६२ मीटरची येते. लांब व्हॅनला अशा दोन घ्या.

आता नट. ११ चा पाना बसला म्हणजे आटे एम १० चे, हे बरोबर नाही. जुन्या गाड्यांत ३/८ इंची यूएनएफ (बारीक इंची) आटेही असतात. त्या नटाचं डोकं ७/१६ इंच, म्हणजे ११.१ मिमी, त्यामुळे पाना दोन्हींना सारखाच बसतो. एम १० ला आट्यांमधलं अंतर १ मिमी, यूएनएफला १.०६ मिमी. इंची नट एम १० च्या भोकात हाताने सैलसर जातो, थोडा आवळतोही, आणि दाब आला की आटे खाऊन बाहेर येतो. थ्रेड गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावून प्रत्येक टोक वेगळं तपासा. मास्टर सिलिंडरला बरेचदा एक एम १० आणि एक एम १२ असा जोड असतो, दोन सर्किटं उलटी लागू नयेत म्हणून.

लांबपल्ला:
आट्यांचं हे ठाऊक नव्हतं, गेज घेतो. फ्लेअरही दोन प्रकारचे दिसतात. कोणता करायचा?

कानस:
भोकाच्या तळाशी टॉर्च मारून बघा. मधोमध उंचवटा असेल तर दुहेरी फ्लेअर लागतो: पाईपचं तोंड नरसाळ्यासारखं आणि कड आत दुमडलेली. तळ खोलगट असेल तर फुग्याचा फ्लेअर, म्हणजे तोंड फुग्यासारखं गोल फुगवलेलं. नटही जुळला पाहिजे. फुग्याच्या नटाचं टोक सपाट असतं, दुहेरीच्या नटाचं उतरतं. चुकीची जोडी पहिल्यांदा गळेलच असं नाही, म्हणूनच ती जास्त धोक्याची. बसण्याची जागा चेपली गेली की पुढे योग्य फ्लेअरही तिथे गळतो आणि पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो.

फ्लेअर करतानाची काळजी अशी.
पाईप छोट्या कटरने कापा, करवतीने नाही. प्रत्येक फेरीला मूठ थोडीच आवळा, घाईत आवळली तर तोंड आत दबतं. आतली-बाहेरची कड साफ करा, कीस फुंकून काढा. नट आधी पाईपवर चढवा. एका टोकाचा फ्लेअर झाल्यावर दुसऱ्या टोकाला हे हमखास विसरतं. डायवर (फ्लेअरच्या हत्याराच्या साच्यावर) ब्रेक ऑइलचा एक थेंब सोडा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने ब्रेकची रबरं फुगतात. पहिले चार-पाच फ्लेअर उरलेल्या तुकड्यावर करून पाहा. तयार फ्लेअर भिंगाखाली फिरवून बघा. कड एका बाजूला जाड, केसाएवढी चीर किंवा तिरकेपणा दिसला तर कापून टाका. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. बंद करायचं काम फ्लेअरचं आहे, आट्यांचं नाही, आणि टेपचा तुटलेला धागा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

डिझेलची टाकी:
खालून पाईप नेण्याचा विचार सोडा. टाकीखाली तो दगडांच्या तडाख्यात येतो, जॅक चुकून लागला तर चेपतो. कंपनीने जो मार्ग दिलाय तोच धरा.

टाकी पूर्ण उतरवायचीही गरज बहुतेकदा पडत नाही. डिझेल पावभर टाकीपर्यंत खाली आणा, टाकीला लाकडी फळीवर जॅकचा आधार द्या, पट्ट्यांचे बोल्ट सैल करून १०-१२ सेंमी खाली घ्या. तेवढ्यात हात जातो. टाकीत भरायचा नळ आणि परतीच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे बघत राहा. जुना पाईप ओढून काढू नका. आधी त्याचा वाकांसकट फोटो घ्या, मग कापून काढा.

कॅम्परची खास गोष्ट: त्याच चासीवरून गॅसची नळी आणि सांडपाण्याचा पाईपही गेलेला असतो. गॅसची नळी साधारण ८ मिमीची तांब्याची असते. अंधारात कापण्याआधी हातात काय आहे ते दोनदा बघा, गॅसचा सिलिंडर बंद करून बाहेर काढून ठेवा. फर्निचरचे बोल्ट जमिनीतून खाली आलेले असतात, त्यांची टोकं नव्या पाईपला घासत नाहीत ना तेही पाहा.

अ‍ॅक्सलखाली:
नट सोडण्याबद्दल. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा, आधी आटे वायर ब्रशने उघडे करून. साधा फिक्स पाना लावू नका, मऊ नटाचे कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना घ्या, म्हणजे ज्या रिंग पान्याला पाईप जाईल एवढी खाच असते तो. नट पाईपलाच चिकटून पाईप पिळू लागला तर पाईप नटाजवळ कापा आणि सहा कोनी सॉकेट लावा. पाईप तर टाकायचाच आहे. होजच्या जोडाला दुसऱ्या बाजूने पाना धरा, नाहीतर होज पिळतो.

ज्योत वापरायची असेल तर रबर आणि ऑइल दोन्हींपासून लांब. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत मुळीच नको. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू होतो.

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. गाडीच्या वजनाला पुरतील अशा घोड्या (लोखंडी स्टँड), पुढच्या चाकांना ठोकळे, जमीन सपाट.

टोक उघडल्यावर मास्टर सिलिंडरवरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल सगळं वाहू नये यासाठी पेडल ३-४ सेंमी दाबून काठीने अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं छोटं छिद्र झाकलं जातं आणि वरचं ऑइल खाली उतरत नाही. ब्रेक लाईट मात्र पेटून राहतो, बॅटरीची ऋण तार काढून ठेवा.

कानस:
पाईप सरळ करायचा तर फळीवर गुंडाळी उलगडत न्या, बाजूने खेचू नका. नटापासून ४ सेंमी सरळ सोडून मगच वाक द्या. टोकं टेपने बंद करून पाईप आत सरकवा, नाहीतर चासीवरची माती थेट व्हील सिलिंडरमध्ये जाते. क्लिप साधारण ३० सेंमीवर एक, रबर किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेली. सायलेन्सरपासून हातभर नाही तरी मूठभर अंतर हवंच. नट आधी बोटांनी शेवटपर्यंत चालवा, मग पाना. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, गाडीच्या मॅन्युअलमधला. या मापाला तो बहुतेक १२ ते १६ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पाना लांब करायला त्यावर पोकळ नळी चढवून आवळू नका.

ऑइल: डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद, दीड लिटर धरा. कॅम्पर महिनोन्महिने उभी राहते, ऑइल ओलावा खेचत बसतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा ओढलेल्याचा किमान १५५ अंश एवढाच. घाटउतारावर तो फरक पेडलखाली कळतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

लांबपल्ला:
पाईप, होज, क्लिपा बसल्या. आटे एम १० चेच निघाले, फ्लेअर फुग्याचा. गाडी अजून घोड्यांवर आहे. पाईपमधली एअर काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली, तरी पेडल स्पंजासारखं. मागच्या निपलमधून (एअर काढायच्या छोट्या स्क्रूमधून) ऑइल धारेने न येता थेंबथेंब येतंय. कुठे चुकलं?

डिझेलची टाकी:
मागच्या अ‍ॅक्सलजवळ चासीला एक व्हॉल्व्ह आहे का, ज्याचा दांडा किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलला जोडलेली असते? तो मागच्या वजनाप्रमाणे दाब देतो. चाकं लोंबकळत असताना त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा रस्ता तो जवळजवळ बंद करतो. दांडा गाडी जमिनीवर भरलेली असताना जिथे असतो तिथपर्यंत वर ढकलून बांधा, किंवा अ‍ॅक्सलखालीच घोड्या लावा. त्याचा सेटिंगचा बोल्ट मात्र हलवू नका.

अ‍ॅक्सलखाली:
आणि पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंजाची कड धरलेली असते आणि रबर तिच्यावरून गेलं की फाटतं. ड्रमचे लायनर आधी ॲडजस्ट करून घ्या, सैल असले तरी पेडल खाली जातं.

लांबपल्ला:
व्हॉल्व्ह आहे. दांडा बांधल्यावर डाव्या मागच्या निपलमधून बराच वेळ बुडबुडे आले, मग स्वच्छ धार. पेडल वर आलंय.

अ‍ॅक्सलखाली:
आता दांडा सोडा, बॅटरी जोडा, इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट पूर्ण जोर लावून धरायला कोणाला तरी सांगा. तोवर तुम्ही प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू कागद लावून बघा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर ठिपका होऊन उमटतो. ठिपका दिसला तर नट आणखी आवळून दाबू नका. सोडा, फ्लेअर बघा, नवा करा. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून पाहा, आणि आठवडाभराने हेच कागदाचं काम पुन्हा, टाकीवरच्या जोडासकट.

लांबपल्ला:
कागद लावला. दहा जोड कोरडे, पुढच्या उजव्या होजजवळ एक ठिपका. फ्लेअर एका बाजूला जाड होता, नवा करतो.