विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर जास्त पैसे घालावेत का? आपापले अनुभव सांगा

मुलीला यंदा कॅप राउंडमधून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले, एक 48,000 चा आणि एक 72,000 चा. मधले 24,000 म्हणजे तिच्या मेसचे सहा-सात महिने. "चार वर्षं बघायला नको" असं दुकानदार म्हणतो. मुलगी म्हणते स्वस्तातला चालेल, पण ती ते आमच्या तोंडाकडे बघून म्हणते, हे मला कळतं. ज्यांनी जास्त पैसे घातले त्यांच्या मुलांना त्याचा काय उपयोग झाला आणि ज्यांनी नाही घातले त्यांचं नेमकं काय अडलं, ते कृपया लिहा.

सांगली, मुलगा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला
आमच्याकडे निर्णय सॉफ्टवेअरनेच केला. इमारतींचे आराखडे करायचं रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मॅकबुक बाद. त्यांची खरीखुरी वाटणारी चित्रं (रेंडर) बनवणाऱ्या ल्युमियनला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, म्हणून साधा लॅपटॉपही बाद. पण पहिल्या वर्षी सगळं काम ड्रॉइंग बोर्डावर आणि कटरने चालतं, हे सीनियर मुलांनी सांगितलं, म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत थांबलो आणि मग 16 जीबी रॅमचा चांगला घेतला. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या, आदल्या रात्री हा रेंडर लावून तिकडे मॉडेल चिकटवत बसतो. वर्गात साधी मशीन असलेली मुलं त्या रात्री कुणाचा तरी लॅपटॉप मागत फिरतात. आमचे पैसे सार्थकी लागले असंच मी म्हणेन. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, एवढंच.

पुणे, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर
काकू, तुमच्या मुलीचीच शाखा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली दोन वर्षं सी, पायथन, जावा यांना 8 जीबी पुरते. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) चालू केला, शेजारी ब्राउझरचे वीस टॅब आणि डॉकरसारखं जड सॉफ्टवेअर, की 8 जीबीची मशीन माउस हलवायलाही वेळ घेते. 16 जीबी हवीच. ग्राफिक्स कार्डासाठी मात्र पैसे घालू नका. मशीन लर्निंगचे आमचे सगळे असाइनमेंट गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्याच मशीनवर, फुकटात झाले. माझ्या रूममेटकडे गेमिंग लॅपटॉप आहे, अडीच किलोचा, वर अर्ध्या किलोचा चार्जर. दुपारच्या प्रॅक्टिकलच्या आत बॅटरी संपते आणि वर्गात प्लग फक्त शेवटच्या बाकामागे. हल्ली तो लॅपटॉप खोलीतच ठेवून येतो, लेक्चरला वही आणतो.

छत्रपती संभाजीनगर, सीए आर्टिकलशिप
टॅली आणि एक्सेलला महागडी मशीन लागत नाही. पण नंबर पॅड असलेला 15 इंचीच घ्या. दिवसभर व्हाउचर मारताना त्याची किंमत कळते.

मुंबई, लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्ती करतो
पोरांच्या मशीन रोज खोलतो, म्हणून सांगतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. 8 जीबी आली तर शेवटपर्यंत 8. मॅकबुक एअरलाही तेच. फाइली साठवणाऱ्या एसएसडीचं तसं नाही, बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये मागचं झाकण काढलं की ती बदलता येते. म्हणून जे नंतर बदलता येत नाही त्यावर आत्ता पैसे घाला: सोल्डर केलेली रॅम, स्क्रीन, बॉडी. "रॅम पुढे टाकू" हा सल्ला पूर्वी मीच द्यायचो, कारण तेव्हा ती स्वस्त होती. 2025 च्या अखेरीपासून भाव इतके चढलेत की आता जरा विचार करून सांगतो.

दुसरं, हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. स्वस्त बॉडीत हिंजचे स्क्रू प्लास्टिकच्या खांबांत बसवलेल्या पितळी नटांत धरलेले असतात. रोज स्क्रीनचा एकच कोपरा धरून झाकण उघडलं की हे खांब मुळासकट उपटतात, बॉडी फाकते आणि आतली डिस्प्लेची केबल दबते. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या मशीनमध्ये प्रोसेसर जुना झाला म्हणून कुणी येत नाही, हिंज आणि चहा, ही दोनच दुखणी. चहा सांडला तर नुसती वॉरंटी कामाची नाही, अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

नांदेड, दोन भावंडं शिकतात
आम्ही ऑफिसातून निघालेली जुनी बिझनेस मशीन घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमीत. कीबोर्ड आणि बॉडी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी मजबूत. फक्त प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा, त्याआधीच्यांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. धाकट्याने तर विंडोजऐवजी फुकट मिळणारं उबुंटू टाकलं, मजेत चाललंय. ज्यांच्याकडे 48,000 सुद्धा जड आहेत त्यांनी लाजू नये, हा रस्ता चांगला आहे.

जर्मनी, एमएस करते
परदेशी जायचा विचार असेल तर वॉरंटी भारताबाहेर चालते का, ते विचारून घ्या. इथे दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपवर वाय आणि झेडच्या जागा उलट असतात, म्हणून मी पुण्यातूनच आणला.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. 72,000 च्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डाचेच पैसे जास्त दिसतात, त्यामुळे तो बाजूला ठेवला. 48,000 चा 8 जीबीचा आहे. लॅमिंग्टन रोडवाल्या दादांना विचारते, रॅम सोल्डर केलेली आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? विक्रेता "वाढेल, वाढेल" म्हणतो.

मुंबई, लॅमिंग्टन रोड
ताई, डेमो पीसवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली फॉर्म फॅक्टर लिहिलेला असतो. 'सोडिम' दिसलं तर काढता-घालता येणारी पट्टी आहे, 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर. किती स्लॉट वापरात आहेत तेही तिथेच कळतं. आणि डेमो पीसचा पूर्ण मॉडेल नंबर तुमच्या खोक्यावरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात.