ट्रोलचं गुपित आधीच फोडावं की शेवटपर्यंत झाकून ठेवावं?

वीसमुखी
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती फाशांनी खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत मॉन्स्टरची भीतीच वाटत नाही, ही तक्रार नेहमीची. त्यावर बहुतेक डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) एकच उपाय करतात: हिट पॉइंट, म्हणजे मार झेलायची ताकद, वाढवतात. त्याने लढाई लांबते, धाक वाढत नाही. चौथ्या राउंडला (राउंड म्हणजे प्रत्येकाला एकेक टर्न) प्लेअर्सचे हात मोबाइलकडे जातात.

माझं मत असं की मॉन्स्टर काय करू शकतो, हे लढाईआधीच कळू द्यावं. घूलचंच, म्हणजे प्रेतं खाणाऱ्या पिशाच्चाचंच, बघा (आकडे २०१४ च्या पुस्तकातले). २२ हिट पॉइंट, आर्मर क्लास (हल्ल्याला गाठावा लागणारा आकडा) १२. कागदावर किरकोळ. पण त्याची नखं लागली आणि १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीच्या जोरावर वाचण्यासाठीचा फासा) हुकला, की माणूस जागीच लुळा पडतो. लुळ्या माणसाला पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट. घूलचा चावा एरवी सरासरी ९, क्रिटिकल झाला की १६. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) असतात साधारण १७ हिट पॉइंट. हे ज्याला आधी कळलंय तो पहिल्या नखालाच सावरून बसतो. ज्याला घडून गेल्यावर कळतं, त्याला भीती वाटत नाही, राग येतो.

म्हणून दोन खोल्या आधी तीन प्रेतं ठेवा. दोघांच्या तलवारी म्यानातच, डोळे सताड उघडे, मांड्या कुरतडलेल्या. तिसरा एल्फ, त्याची तलवार बाहेर, पातं मोडलेलं. घूलच्या नखांनी एल्फ लुळा पडत नाही, हा नियम तुम्ही न बोलता सांगून टाकलात.

तळघर
प्रेतं झकास, पण मुद्दा पटला नाही. सगळं आधीच ठाऊक असलेला मॉन्स्टर म्हणजे सोडवलेलं गणित. ट्रोल घ्या. ८४ हिट पॉइंट, दर टर्नच्या सुरुवातीला १० भरून येतात. आग किंवा ॲसिड लागलं तर पुढच्या टर्नला भरत नाहीत, आणि शून्यावर असताना भरले नाहीत तरच तो मरतो. हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. डीएमने ‘ट्रोल’ म्हणायची खोटी, विझार्डचा फायर बोल्ट हा आगीचा मंत्र तयार. त्यामुळे नाव घेऊच नका आणि आगीच्या जागी मीठ आणा.

वीसमुखी
आणि मीठ कुणाला सुचलंच नाही तर? पाच राउंड चालल्या तर ५० हिट पॉइंट जादा झाले. वर ज्याला नावं ठेवली तेच मागच्या दाराने आत आलं. कमजोरी बदलायची असेल तर किमान तीन वेगवेगळ्या जागी खुणा पेरा. एक हमखास नजरेतून सुटते, दुसरीचा अर्थ भलताच लावला जातो.

तळघर
खुणा हव्यात, कबूल. पण त्या लढाईतच द्याव्यात. ट्रोलच्या टर्नला नुसतं “दहा भरले” म्हणू नका. “तुटलेलं मनगट सांधलं, बोटं हलायला लागली, पण मिठागराच्या पाण्यात बुडालेल्या पायाची जखम तशीच वाहतेय.” एवढ्यावर टेबलावरचे सगळे पुढे सरकतात.

चकमक
तुम्ही दोघं कमजोरीवर भांडताय. टर्न कुणाला किती मिळतात ते मोजा. ट्रोलचे तिन्ही हल्ले बसले तर सरासरी २९. आर्मर क्लास १८ असलेल्या फायटरला निम्मेच लागतात, म्हणजे राउंडला १४-१५. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे ४४ हिट पॉइंट संपायला तीन राउंड. पाच जणांची पार्टी त्याआधीच ट्रोलचा निकाल लावते. एकटा मॉन्स्टर मार खातो तो इथे.

त्यापेक्षा सहा गोब्लिन. प्रत्येकी ७ हिट पॉइंट, पण बाण मारून त्याच टर्नमध्ये बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) लपता येतं. मशालीचा उजेड २० फूट स्वच्छ, पुढे २० फूट अंधुक. गोब्लिनला अंधारात ६० फूट दिसतं. त्यांना ५० फुटांवर ठेवा, एकमेकांपासून ४० फुटांहून लांब, म्हणजे एका फायरबॉलमध्ये (आगीच्या गोळ्याच्या मंत्रात) एकच सापडेल. दोघं पडले की बाकीच्यांना पळू द्या. १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी दोन फाशांची मोराल (धीराची) चाचणी होती: पहिला मेल्यावर एकदा, निम्मे संपल्यावर पुन्हा. पळालेले गोब्लिन पार्टीने मुक्काम टाकल्यावर परत येतात, आणि लाँग रेस्टचा (हिट पॉइंट भरून देणाऱ्या लांब विश्रांतीचा) भरवसा उरत नाही.

कंदील
गोब्लिनचं पटलं. पण डीएम पडद्याआड फासे बदलत असेल तर हे सगळं वाया. फासे सगळ्यांसमोर टाका. दुसरं, हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र. बोनस ॲक्शन, ६० फुटांवरून, आणि पडलेला उठून उभा! शून्यावर जाऊन बेशुद्ध पडण्याची भीती तिथेच संपते. भुकेला घूल पडलेल्यालाच चावणार. जवळून बसलेल्या एका घावात डेथ सेव्हची (पडल्यावर जगण्यासाठीचे फासे, तीन चुकले की मृत्यू) दोन अपयशं. पहिल्या बैठकीतच हे स्पष्ट सांगा आणि मग मागे हटू नका.

वीसमुखी
उघडे फासे मान्य. पडलेल्याला चावणं मात्र नको. दोन घावांत कॅरेक्टर संपतं, आणि प्लेअरला मधे काही करायची संधीच मिळत नाही.

तळघर
मग चावू नका, ओढून न्या. बेशुद्ध माणूस पकडीला विरोध करू शकत नाही. ओढताना घूलचा वेग निम्मा, ३० चे १५ फूट. पहिल्या टर्नला पकड आणि १५ फूट, दुसऱ्या टर्नला डॅश (हल्ल्याऐवजी दुप्पट धाव) करून आणखी ३०. झाले ४५. हीलिंग वर्डचा पल्ला ६० असला तरी समोरचा दिसावा लागतो, आणि मशालीचा उजेड संपतो ४० वर. माणसाला अंधारात दिसत नाही, म्हणून मानवी क्लेरिकच्या (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याच्या) हातात एक राउंड आहे: मंत्र म्हणायचा, की मशाल घेऊन एकट्याने मागे धावायचं.