शब्दचर्चा: बेसिकमधलं ‘एम्बेड’

म्हापशाहून: बेसिक या सोप्या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमच्या पोटात यंत्रभाषेचं (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांचं) रूटीन, म्हणजे एखादं काम करणारा तुकडा, ‘एम्बेड’ करत, त्याला मराठीत काय म्हणावं? वाचनालयात जुन्या संगणकांवर बोलायचं आहे. ‘अंतःस्थापित’ लिहून पाहिलं, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. ‘कोंदलेलं’ चालेल का?

फोंड्याहून: बाब, ‘कोंदणे’ नको. धूर कोंदतो, त्यात गुदमर आहे. कोंदण मात्र नेमकं आहे. १९८१ च्या झेडएक्स ८१ या घरगुती संगणकावर काय करत ते पाहा. पहिल्याच ओळीत रेम लिहून पुढे कुठलीही चार अक्षरं टाकायची. रेम म्हणजे शेरा. बेसिक तो ओलांडून पुढे जातं. त्यातल्या पहिल्या अक्षराचा स्मृतीतला पत्ता ठरलेला, १६५१४. तिथपासून पोक या स्मृतीत आकडा ठेवणाऱ्या आज्ञेने १, ७, ०, २०१ हे आकडे भरायचे. पहिले तीन झेड८० प्रोसेसरच्या बीसी रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ७ ठेवतात, २०१ म्हणजे ‘परत फिर’. मग ‘प्रिंट यूएसआर १६५१४’ म्हटलं की तिथलं रूटीन चालतं आणि बीसीतला ७ पडद्यावर उमटतो. आधी जागा घडवली, मग तिच्यात मावेल तेवढाच खडा बसवला. आपले शेट दागिना करताना हेच करतात. म्हणून ‘जडवणे’. प्रोग्रॅम टेपवर साठवला की खडा कोंदणासकट जातो.

मडगावहून: पटलं, पण सगळीकडे लागू नाही. कॉमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकावर आकडे बेसिकमधल्याच डेटाच्या ओळींत लिहीत. रीड या आज्ञेने एकेक उचलून पोकने ४९१५२ पासून पुढे टाकायचे, आणि ‘सिस ४९१५२’ ने चालवायचं. ती जागा बेसिकच्या हद्दीबाहेरची. नंतर न्यू केलंत तर प्रोग्रॅम जातो, रूटीन तसंच राहतं! हे पेरणं झालं. टोपली रिकामी झाली तरी बी मातीतच असतं.

फोंड्याहून: ‘पेरणे’ फार आवडलं. मग बीबीसी मायक्रो या संगणकांसाठी तिसरं क्रियापद हवं (१९८४ च्या क्लास या संगणकशिक्षणाच्या योजनेत देशातल्या शाळांत आले, तेच). तिथे चौकोनी कंसात असेम्ब्ली, म्हणजे यंत्रभाषेचंच आकड्यांऐवजी शब्दांतलं रूप, थेट लिहिता येते. वरच्या ओळी बेसिकच्या, खालच्याही बेसिकच्या. अबोलीच्या फातीत मध्येच जाई यावी तसं. ‘गुंफणे’ म्हणा.

म्हापशाहून: म्हणजे रेममध्ये जडवलेलं, डेटातून पेरलेलं, कंसात गुंफलेलं. ‘रूटीन’ तसंच ठेवतो. ‘नित्यक्रम’ हा त्याचा इथला अर्थच नव्हे.