मदत हवी आहे : 'चार्ज'साठी एकच मराठी शब्द कुठून आणू?

बर्डीवाली (धागा काढणारी)

मंडळी, नमस्कार. मी नागपुरात इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. सध्या ई-रिक्षावाल्यांसाठीचं एक चार्जिंगचं ॲप मराठीत आणायचं आहे. काम देणाऱ्यांनी शब्दांचा तक्ता पाठवलाय. एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द, आणि तो परस्पर बदलायचा नाही. 'चार्ज'समोर लिहिलंय 'शुल्क'.

आता पहिलाच पडदा बघा. वर 'शुल्क : ८० टक्के', त्याखाली 'शुल्क : ६४ रुपये', आणि हिरव्या बटणावर 'शुल्क सुरू करा'. इतवारीतला रिक्षावाला हे बटण दाबेल की गाडी वळवून घरच्या प्लगला लावेल, तुम्हीच सांगा.

तक्तेवाल्या साहेबांचं म्हणणं, इंग्रजीत एका शब्दावर भागतं तर मराठीत दोन कशाला? बदल हवा असेल तर कारणं लेखी द्या. म्हणून हा खटाटोप. माझ्याकडे जमलंय ते खाली देते, राहिलेलं तुम्ही भरा.

शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'कारस'मध्ये, म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल लादणं, आणि मग फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत आला. 'कार' आणि 'कार्गो' त्याच घरातले. लादणं हा अर्थ धरून चाललं की बरेच अर्थ लागतात : बंदुकीत दारू भरली, बॅटरीत वीज भरली, कुणाच्या अंगावर जबाबदारी टाकली, गिऱ्हाइकावर खर्च टाकला, एखाद्यावर आरोप ठेवला. आपणही यातल्या काही ठिकाणी 'भार'च धरून बसलोय. पदभार, कार्यभार, अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकातले धनप्रभार आणि ऋणप्रभार. सातबाऱ्यावर बँकेचं कर्ज चढलं की तो 'बोजा'.

मग सरसकट 'भार' लिहून मोकळं व्हावं, तर वीजबिलात 'मंजूर भार' आधीच बसलाय आणि तो इंग्रजीतला लोड. ते दार बंद.

पण साहेबांना पटेल असा मुद्दा मला त्याच बिलात सापडला. महावितरणचं घरगुती बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. इंग्रजी बिलात हे सगळे चार्जच. आणि त्याच रकान्यात 'वीज शुल्क १६ टक्के' अशी वेगळी ओळ आहे. ती इंग्रजीतली ड्युटी, राज्य सरकारचा कर. म्हणजे विजेच्या व्यवहारात चार्ज हा 'आकार', आणि 'शुल्क' भलत्याच गोष्टीचं नाव. पैशाचा अर्थ घेतला तरी तक्त्यातला शब्द इथे चुकतोच! शाळेचं प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क ठीक, तिथे कुणाची तक्रार नाही.

बाकीचं भराभर सांगते. लाठीचार्जला पेपरवाले लाठीमार लिहितात. धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग. विहिरीचा रिचार्ज म्हणजे पुनर्भरण, मोबाईलचा मात्र आपण 'मारतो'. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला असं फॉर्मवर लिहितात, घरी फोन करताना 'सुट्टी झाली' म्हणतात.

अडलंय ते तीन ठिकाणी. बॅटरीच्या टक्क्यांना काय लिहू? 'स्टेशन इनचार्ज'ला काय? आणि अटी-शर्तींत बॅटरीच्या कर्जाबद्दल 'गाडीवर कंपनीचा पहिला चार्ज राहील' असं वाक्य आहे. तिथे 'गाडीवर कंपनीचे पहिले शुल्क राहील' छापलं गेलं तर रिक्षावाला समजेल पहिल्या वेळचे पैसे द्यायचे आहेत, आणि सही करून बसेल.

कोर्टकचेरी

ताई, तिसरं आधी सोडवा, कारण त्यात माणूस बुडू शकतो. हा चार्ज म्हणजे कर्ज फिटेपर्यंत मालमत्तेवर असलेला सावकाराचा हक्क. जमिनीच्या बाबतीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाण कलम ५८ मध्ये आहे आणि हा चार्ज वेगळा, कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क सावकाराकडे जातो. चार्जमध्ये तसा जात नाही, पण वसुली त्याच मालमत्तेतून करता येते. शेतकरी सोसायटीकडून पीककर्ज घेताना इकरार करून देतो, तो सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खालचा चार्जच. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'बोजा' म्हणून येते.

तुमची गोष्ट मात्र गाडीची आहे. वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात राहते आणि तिच्यावर कर्ज असतं, त्याला पतसंस्थांच्या कागदांत 'नजरगहाण' म्हणतात. रिक्षावाल्याच्या तोंडी 'एचपी' असतं : आरसीवर एचपी चढली, एचपी उतरवली. माझं मत, अटीत 'नजरगहाणाचा पहिला बोजा' लिहा आणि पुढच्याच ओळीत साध्या भाषेत, की हप्ते फिटेपर्यंत आरसीवर कंपनीचं नाव राहील.

कारणांच्या यादीत आमचाही एक नग घाला. पोलीस दाखल करतात ते दोषारोपपत्र, पण आरोप निश्चित करतं न्यायालय. इंग्रजी बातमीत दोन्हीकडे चार्ज दिसतो आणि मराठीत घाईघाईने 'गुन्हा दाखल' होतं, जो त्याच्याही आधीचा टप्पा.

खापरखेड्याचा वायरमन

काऊन एवढा विचार करता ताई? आमची पोरं म्हणतात, गाडी चार्जिंगले लावली, चार्जिंग उतरली, चार्जिंग चढूनच नाही राहिली. बॅटरीसाठी 'चार्जिंग' ठेवा. 'प्रभार' शाळेत बरा.

साहेबांसाठी हिशेब देतो. रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे ४८ व्होल्ट. बॅटरी १०० ॲम्पिअर-तासाची धरली तर पूर्ण भरल्यावर ४.८ युनिट वीज साठते. भरताना याच्यापेक्षा जास्त जाते, काही उष्णतेत वाया जाते. ॲम्पिअर-तास हे विज्ञानातल्या प्रभाराचं माप, एका ॲम्पिअर-तासात ३६०० कूलोम. पैसे मात्र युनिटचे, म्हणजे ऊर्जेचे. पडद्यावरचे ८० टक्के आणि ६४ रुपये हे दोन वेगळ्या मापांचे आकडे आहेत. दोघांना एकच नाव दिलं तर रोज भांडण होईल आणि शिव्या स्टेशनवरचा पोरगा खाईल.

निवृत्त हेडक्लार्क

इनचार्जबद्दल. नेमणूक होऊन खुर्चीवर बसला तर 'पदभार स्वीकारला'. दुसऱ्याची खुर्ची सांभाळायला दिली तर 'अतिरिक्त कार्यभार'. 'प्रभारी' म्हटलं की ऐकणारा समजतो, हा तात्पुरता, खरा साहेब यायचा आहे. त्यामुळे स्टेशनवर कायम बसणाऱ्याला प्रभारी करू नका. 'केंद्रप्रमुख'ही टाळा, झेडपीच्या शाळांमध्ये ते पद आहे, उगाच मास्तरांना फोन जातील. 'स्टेशन व्यवस्थापक' चालेल. दाराच्या पाटीवर 'इनचार्ज' देवनागरीत लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

बर्डीवाली

सगळ्यांचे आभार. साहेबांना पाठवायचं पत्र आता भरभक्कम झालं. मी असं सुचवतेय : बटणावर 'चार्जिंग सुरू करा', टक्क्यांपुढे 'बॅटरी', रुपयांपुढे 'झालेले पैसे', आणि पावतीवर बिलासारखा 'वीज आकार'. अटींमध्ये कोर्टकचेरींचं वाक्य जसंच्या तसं.

एक मात्र अजून अडलंय. 'नो चार्ज' असा एक संदेश आहे. संदर्भ काहीच दिलेला नाही. बॅटरी भरत नाहीये की पैसे लागणार नाहीत?

खापरखेड्याचा वायरमन

अंदाजाने लिहू नका. तो संदेश कोणत्या पडद्यावर येतो ते ॲपवाल्यांकडून स्क्रीनशॉटसकट मागवा. दोन्हीकडे येत असेल तर त्याचे दोन संदेश करून घ्या, 'चार्जिंग होत नाही' आणि 'पैसे लागणार नाहीत'. पहिल्यात प्लग काढून पुन्हा लावायची सूचनाही टाका, निम्म्या वेळा बिघाड तिथंच असतो.